दुकान वाढवताना

रविवार, ५ जानेवारी १९७५

आले बाई एकदाची सोलापुरात! करमाळ्याच्या एसटीत माझ्या मांडीवर बांगड्यांचं खोकं, पायाशी दोन खोकी, ह्यांच्या मांडीवर आणखी एक. कंडक्टरने विचारलं, बाई, पोरगं हाय का काच? मी म्हटलं, पोरगं बरं, ते निदान रडून तरी सांगतं. खड्डा आला की आम्ही दोघं श्वास धरून बसायचो. एवढं जपूनसुद्धा उतरल्यावर पाहिलं तर एक हिरवी बांगडी वाढलीच. ‘फुटली’ असं लिहिलं तर सासूबाई करमाळ्याहून येऊन कान पिळतील. कासाराच्या घरात बांगडी फुटत नाही, वाढते. कुंकू संपत नाही, वाढतं. नारळ फोडायचा नसतो, वाढवायचा. आणि दुकान कधी बंद होत नाही, ते संध्याकाळी वाढवायचं नि सकाळी उघडायचं. लग्नानंतर पहिलं वर्षभर मला पोळ्या नाही शिकवल्या, हे शिकवलं.

ही डायरी माझ्या भावाने, नंदूने दिली. म्हणाला, ताई, मॅट्रिक झालीस ती काय नुसत्या मनगटांची मापं घ्यायला? रोज चार ओळी लिही. तर लिहिते.

दुष्काळाची दोन वर्षं आम्ही खेड्यापाड्यांतून हिंडलो, पण कुणी हात पुढे केला नाही. पोटाला नाही तिथे मनगटाला कोण घालणार? अशात रावजीशेठांचा निरोप आला. सोलापुरात विजापूर रोडच्या अंगाला नवी वसाहत झालीय, तिथे त्यांचं शॉपिंग सेंटर आहे. सिमेंटचे गाळे एका ओळीत, प्रत्येकाला लोखंडी शटर, पुढे फरशीचा ओटा. ते आता मोठं करायचं आहे म्हणे, मागच्या मोकळ्या जागेत दुसरी ओळ काढायची, वर मजला चढवायचा. कोपऱ्यावरचा गाळा त्यांनी आम्हाला दिला, भाडं नावाला. एकच अट होती, माणूस कासारच पाहिजे. ह्यांना भरून आलं. मला वाटलं, सोलापुरात कासार मिळेना म्हणून हे शेठ करमाळ्यापर्यंत आले? पण बोलले नाही. मिळालेल्या गायीचे दात मोजू नयेत.

राहायला शुक्रवार पेठेत खोली घेतलीय. दुपारी दुकानाची पूजा झाली. नारळ ह्यांनीच हातात घेतला होता, पण शेठ म्हणाले, घरच्या लक्ष्मीने वाढवावा, आणि तोंडाने म्हणावंसुद्धा. मी म्हटलं, नारळ वाढवते. एका घावात दोन शकलं झाली. शेजारपाजारच्या दुकानदारांना खोबरं द्यायला गेले, तर एकानेही हात पुढे केला नाही.

गुरुवार, ९ जानेवारी

शेजाऱ्यांची ओळख झाली. डाव्या हाताला निंगव्वा, अक्कलकोटकडची, शेंगाची चटणी नि पापड विकते. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, ये तंगी. मी म्हटलं, बाई, तंगी आम्ही करमाळ्यातच सोडून आलो! मग कळलं की कानडीत तंगी म्हणजे धाकटी बहीण. दोघी खूप हसलो. तिच्या पलीकडे बिरप्पामामा, घोंगड्यांचं दुकान. वेळापूरकडचे आहेत, थोडं बोलतात नि जास्त बघतात.

बाकी माणसं चांगली, पण एक गोष्ट मला खटकली. संध्याकाळ झाली की अख्खी ओळ एका सुरात म्हणते, बंद! बिरप्पामामा शटर खाली ओढतात नि मोठ्याने म्हणतात, बंद. निंगव्वा म्हणते, बंद. त्यापुढचा शिंपी, त्यापुढचा सायकलवाला, सगळे बंद, बंद, बंद. अगं बाई, तिन्हीसांजेला लक्ष्मीच्या तोंडावर असं कुणी बोलतं का! मला राहवेना. मी ओट्यावर उभी राहून चांगली खणखणीत म्हणाले, अहो, चला, आपण आपलं दुकान वाढवू.

 निंगव्वाने पदर तोंडावर घेतला. बिरप्पामामा माझ्याकडे न बघता आमच्या शटरकडे बघत राहिले.

हे म्हणाले, मुलूख वेगळा, रीत वेगळी, तू लगेच शिकवायला जाऊ नकोस. निंगव्वाचं मी समजू शकते, ती कानडी. पण वेळापूरचा माणूस? त्याला वाढवणं कळत नाही?

गुरुवार, १६ जानेवारी

संक्रांत झाली. काय गर्दी, काय गर्दी! सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेला आलेल्या बायका, वसाहतीतल्या बायका, त्यांच्या नणंदा, नणंदांच्या पोरी. ह्यांचा हात असा हलका की बाई बोलत असते तोवर चुडा मनगटात जाऊन बसलेला असतो. एक म्हातारी म्हणाली, माझ्या मालकाने पन्नास वर्षांत असा हात धरला नाही. मी म्हटलं, आजी, फक्त बांगड्यांपुरताच बरं का! रात्री घरी येऊन ह्यांनी माझ्याही हातात नव्या हिरव्या भरल्या. दिवसभर परक्यांचे हात धरतो, म्हणाले, हा एक आपला. मी लाजले. लग्नाला सहा वर्षं झाली तरी लाजते, काय करू.

गर्दीत बांगड्या चिक्कार वाढल्या. आम्ही दोघं दिवसभर, वाढली हो, वाढली, जाऊ दे, म्हणत केरसुणी फिरवत होतो. रावजीशेठ तिळगूळ द्यायला आले. आमच्याशी बोलताना त्यांची नजर मागच्या भिंतीवर. विचारलं, काय कासारीणबाई, आज काही वाढलं की नाही? मी म्हटलं, लई वाढल्या. तर खूश! माल गेला तर दुकानदाराला वाईट वाटतं, ह्या माणसाला आनंद कसला होतो?

आणखी एक. मागच्या भिंतीला लागून सुताराने मांडणी ठोकली होती, अगदी चिकटून. आज तिच्यामागे खोकं पडलं आणि मी हात घातला तर खांद्यापर्यंत गेला. सुताराला बोलावून झाडलं. तो देवाशपथ सांगतो की मांडणी भिंतीला टेकूनच ठोकली होती. सुतारच तो, माप त्याचं आणि तोंडही त्याचंच.

मंगळवार, २८ जानेवारी

सुताराला उगीच बोलले. मांडणी जागच्या जागी आहे. भिंत मागे गेलीय.

आता मांडणीच्या मागे दोन माणसं उभी राहतील एवढी जागा आहे. मला पहिला संशय शेठांचाच आला. रात्री गवंडी लावून भिंत सरकवत असेल, उद्या म्हणेल जागा वाढली, भाडं वाढवा. म्हणून दुपारी सेंटरच्या मागे जाऊन आले. बाहेरून भिंत होती तिथेच आहे. तिला लागून बाभळीचं झुडूप, झुडपाला कुणाची तरी शेळी बांधलेली. आत आले तर आतून भिंत लांब. पुन्हा बाहेर गेले. शेळी माझ्याकडे बघत पाला खात होती. 

ओळीच्या दुसऱ्या टोकाला बारदानाचे पडदे लावले होते, ते आज काढले. मागे दोन नवे गाळे तयार. शटरसकट, ओट्यासकट. तीन आठवडे मी इथे आहे, ना वाळूची गाडी आली, ना विटा आल्या, ना वडाऱ्याची बाई पाटी घेऊन दिसली. निंगव्वाला विचारलं तर ती कानडीत काहीतरी पुटपुटली आणि चटणी कुटायला लागली. एरवी ती माझ्याशी मराठीच बोलते की!

हे मात्र आनंदात. म्हणाले, आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. लग्नसराईचा माल ठेवायला जागा झाली.

शनिवार, ८ फेब्रुवारी

बिरप्पामामा आज आपण होऊन बोलले. हे बाहेर गेल्याचं बघून आले, दारातच उभे राहिले, आत पाऊल टाकलं नाही. म्हणाले, वैनी, एक सांगतो, रागावू नगा. त्यो शब्द हितं बोलू नगा. तुमी दुकान झाका, मिटा, लावा, काय बी म्हना, पर त्ये न्हाय म्हनायचं. हितली जागा ऐकती. आमी रोज मोठ्यानं बंद म्हनून सुचवून बगितलं, तुमास्नी कुटं ऐकायचंय?

मी विचारलं, कुठला शब्द? तर म्हणाले, व्हय, मी उच्चारतो आता! आणि गेले.

मला त्यांचा राग आला. आमच्या दुकानापुढे बायकांची रांग लागते, घोंगड्या उन्हाळ्याच्या तोंडावर कोण घेतंय? डोळ्यांत खुपत असेल. संध्याकाळी मी मुद्दाम दोनदा म्हणाले, दुकान वाढवलं हो, वाढवलं!

पण एक लिहून ठेवते. आज एका बाईला गर्द हिरव्या बांगड्या हव्या होत्या. हे आणायला मांडणीमागे गेले. काम करताना तोंडाने कायम गुणगुणायची ह्यांना सवय. ते गुणगुणणं लांब जात जात ऐकू येईनासं झालं. बाई कंटाळून निघून गेली, त्यानंतर केव्हातरी हे आले, हातात कंदील. म्हणाले, आत लई गार आहे गं विजू, माठातल्या पाण्यासारखं. मी विचारलं, एवढा वेळ? तर म्हणाले, कुठे, लगेच तर आलो.

बुधवार, १९ फेब्रुवारी

आज सगळं कळलं. कळलं नसतं तर बरं होतं.

दुपारी सगळे शटर अर्धं ओढून जेवायला जातात. हे माल बघायला स्टेशनवर गेले होते. मी निंगव्वाच्या दुकानात शिरले आणि तिचा मुसळ धरलेला हात धरला. म्हटलं, मला तंगी म्हणतेस ना? मग सांग. ती रडायलाच लागली.

म्हणाली, हे सेंटर बांधायला काढलं तेव्हा शेठने पायाभरणीला नारळ वाढवला. तसं म्हणाला, मोठ्याने. सकाळी येऊन बघतात तर आखलेल्यापेक्षा एक गाळा जास्त. शेठ हुशार, त्याच्या लगेच ध्यानात आलं. वीट नको, सिमेंट नको, आतला माणूस बोलला की झालं. आत जागा लांब होते आणि तिकडे टोकाला नवा गाळा उगवतो, भाड्याला तयार. बिरप्पामामांचा गाळाही असाच आत गेला होता. घाबरून ते एकदा ‘बंद’ म्हणाले आणि भिंत एका दणक्यात जाग्यावर आली. मागे ठेवलेल्या घोंगड्या पुन्हा दिसल्या नाहीत. तेव्हापासून सगळी ओळ बंद म्हणते, पण आधी सगळी माणसं बाहेर आलीत का बघून.

मी विचारलं, आमच्या गाळ्यात आधी कोण होतं? म्हणाली, जोतीराम कापडवाला. भला माणूस, रोज हात जोडून दुकान वाढवायचा. एकदा आत लुगडं आणायला गेला तो लवकर येईना. बायको घाबरली. कुणीतरी तिला सांगितलं की बंद म्हण, भिंत पुढे येईल, तो पण येईल. ती म्हणाली. भिंत आली.

जोतीराम आला नाही.

मग शेठला कासार का हवा होता, हे मला कुणी सांगायला नको. वाणी दिवसातून एकदा तो शब्द बोलतो. आम्ही दिवसभर बोलतो. मेल्याने आम्हाला बैल म्हणून आणलं, मोटेला जुंपायला!

दुकानात येऊन खात्री केली. मागच्या भिंतीला टेकवून रिकामं खोकं ठेवलं, पुढे आले, पाठ केली आणि हळूच तो शब्द म्हटला. जाऊन बघते तर खोकं आणि भिंत यांच्यामध्ये मी आडवी झोपू शकले असते.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

ह्यांना सांगितलं. आधी हसले. मग आत जाऊन स्वतः बोलून आले, आणि आले ते तोंडभर हसत. मला वाटलं होतं घाबरतील. म्हणाले, अगं, दोन वर्षं देवाने काही दिलं नाही, आता देतोय तर तू रडतेस? आपण शेठलाच म्हणू, आम्ही बोलतो, तू एक गाळा आमच्या नावावर कर.

भांडले. आयुष्यात पहिल्यांदा ह्यांच्यावर ओरडले. म्हटलं, जोतीरामाची बायको कुठे आहे विचारा कुणाला तरी! ती माहेरी वेड्यासारखी भिंतींना कान लावत फिरते म्हणे. तुम्हाला काही झालं तर मला गाळे काय करायचेत?  ह्यांनी माझे डोळे पुसले आणि म्हणाले, नाही बोलत आता, झालं?

आता मी जिभेला चिमटा घेऊन असते. बांगडी वाढ— बांगडी गेली, असं म्हणते. दुकान मिटलं, असं म्हणते. जीभ जड होते. सासूबाईंनी वर्षभर घासून बसवलेलं ते असं निघतं का?

सोमवार, २४ फेब्रुवारी

शेठ आले. ओट्यावर बसले. म्हणाले, कासारदादा, चार दिवस झाले, तिकडे काही हालचाल नाही, तब्येत बरी आहे ना?  शेठने समोरची बांगड्यांची माळ उचलली, एक बांगडी काढली, उजेडात धरली आणि बोटं सोडली. फरशीवर काच खळ्‌कन.

माझ्या तोंडून निघून गेलं. वाढली.

शेठने दुसरी सोडली. मी दात आवळले. ह्यांच्या तोंडून निघालं. तिसरी. चौथी. शेठ हसत होते. आम्ही दोघं एकमेकांकडे बघतोय, तोंडावर हात ठेवलेत, आणि तरी आवाज फुटतोय. कासाराचा कान आणि तोंड एकाच दोरीला बांधलेलं असतं हो! फुटलेल्या काचेचे पैसे मोजून ठेवून शेठ उठले. जाताना मला म्हणाले, तुमच्या पायगुणाने सेंटरची भरभराट होतेय, बाई.

संध्याकाळी टोकाला पुन्हा बारदान लागलं होतं.

रविवार, २ मार्च

जायचं ठरलं. हे आता घाबरलेत, मनापासून घाबरलेत. काल आत गेले तर कंदिलाचा उजेड भिंतीपर्यंत पोचेना.

मी म्हटलं, आत्ताच बाहेर येऊ, बंद म्हणू आणि एसटी पकडू. पण लग्नसराईचा सगळा माल आत आहे, फिरोजाबादहून आलेला, उधारीचा. बंद म्हटलं की तो गेला बिरप्पामामांच्या घोंगड्यांच्या वाटेने. हे म्हणाले, उद्या सकाळी जातो, सगळी खोकी पुढे आणतो, मग तू म्हण काय म्हणायचं ते. लोकाचं बुडवून गाव सोडायचं नाही.

तेही खरंच. दिवसाउजेडी जातील, मी दारात बसेन, दोघंही तोंड उघडणार नाही. निंगव्वाने डब्यासाठी चटणी दिलीय. उद्या ह्यांच्या आवडीचं वांगं करते.

सोमवार, ३ मार्च

दुकानातच बसून लिहितेय. गल्ल्यापाशी. इथे तो शब्द लिहायचासुद्धा नाही.

सकाळी हे आत गेले. खोकी येत होती. एक ठेवायचे, पुन्हा जायचे. मला बजावून गेले होते, तो शब्द काढू नकोस. मी म्हटलं, मेले तरी काढणार नाही.

दुपार झाली. शेवटची दोन खोकी राहिली होती. गुणगुणणं जवळच ऐकू येत होतं. मी डबा उघडला. भाकरी, वांगं, चटणी. ताट केलं आणि हाक मारली.

काय हाक मारली? सहा वर्षं रोज दुपारी मारते तीच. ताटात अन्न घालायचं म्हणजे बायको जे म्हणते ते. अहो, या, तुम्हाला जेवायला—

बांगडीचा शब्द तो जेवणाचाही. दुकानाचा शब्द तोच पानाचा. कधी मनातसुद्धा आलं नाही. ना माझ्या, ना ह्यांच्या, ना बिरप्पामामांच्या. जेवण हे काय मोडणं, संपणं आहे? ते तर—

गुणगुणणं तुटलं. खाली विहिरीत दगड गेल्यासारखं लांब गेलं.

जीभ हासडून टाकावीशी वाटते.

मंगळवार, ४ मार्च

घरी गेले नाही. शटर उघडंच.

मी कंदील घेऊन आत चालत गेले. खोकी, खोकी, मग खोकी नाहीत, नुसत्या दोन भिंती आणि गार वारा. हाका मारल्या. खूप लांबून आवाज आला, आलोच! खुशीत. ह्यांना कळलेलंच नाही काही. पुढे गेले तर आवाज कुठून येतोय ते कळेना, सगळीकडून यायला लागला. परत फिरले. मी हरवले तर दारात कोण राहील?

निंगव्वा दारात बसून आहे. आत येत नाही, पण हलत नाही. बिरप्पामामांनी सांगितलं, वैनी, काय बी झालं तरी बंद म्हनू नगा, मालक आत हाईत. आज ओळीतलं कुणीच ते म्हणालं नाही. सगळे मुक्याने शटर ओढून गेले.

मागच्या मोकळ्या जागेत अख्खी दुसरी ओळ उभी राहिलीय. वर मजलासुद्धा. शेठ पेढे वाटतोय.

बुधवार, ५ मार्च

उलटे शब्द बोलून पाहिले. आखूड हो. घट. कमी हो. ये मागे. काही नाही. देवाचं नाव घेतलं. काही नाही.

शेठ आला होता. म्हणाला, बाई, शटर ओढा, लोक काय म्हणतील, नव्या ओळीचं उद्घाटन आहे. तुमच्या रीतीने ओढा किंवा या ओळीच्या रीतीने ओढा, माझं काही म्हणणं नाही. मी पायातली चप्पल हातात घेतली. बिरप्पामामा काठी घेऊन उठले. तेव्हा गेला.

एक शब्द बोलले तर हे आणखी लांब. दुसरा बोलले तर—

नाही. मी बोलणारच नाही. बांगड्या वाजवते. दोन्ही हातांत दंडापर्यंत भरल्यात, दुकानातल्या सगळ्या. ह्यांना माझ्या बांगड्यांचा आवाज ओळखू येतो. वाजवल्या की आलो, आलो ऐकू येतं. थांबले की आवाज भरकटतो. हात भरून आलेत. एका हाताने वाजवते, दुसऱ्याने लिहिते.

गुरुवार, ६ मार्च

आलो म्हणाले. काल होता त्यापेक्षा जवळ.

निंगव्वाही ऐकतेय. ती मान हलवतेय, व्हय, व्हय, जवळ हाय.

बांगड्या तडकतायत, मनगटातून रक्त. तोंडात पदर कोंबलाय. एकही शब्द नाही.

गुणगुणतायत—

ह्यांना कसं सांगू की तोंड उघडू नका. ताटाचा शब्दही तोच, हे ह्यांना माहीतच नाही. सांगायचं तर बोलावं लागेल. लिहून दाखवीन. दिसले की ही वही पुढे धरीन. मोठ्या अक्षरात लिहिलंय, काही बोलू नका—

उजेड! कंदिलाचा—

मांडणीच्या मागे. पाय दिसले. ह्यांचेच. खांद्यावर खोकं—

हसतायत. चेहरा दिसला, माझ्या देवा, कालपरवा गेल्यासारखा नाही, आत्ता गेल्यासारखा. वही दाखवतेय, कंदील खाली धरलाय, वाचत नाहीत— तोंडातला पदर ओढून ओरडले, बोलू नका, काही मागू नका— काचांच्या आवाजात— हात थांबवू कसे—

खोकं खाली ठेवलं. पोटावर हात ठेवला. नको. नको हो—

म्हणतायत, विजू, लई भूक लागली गं, आधी जेवायला वा—